आईचं बी आणि ह्यांचा कर्णा

माणसाला छंद असावा, पण त्या छंदाला आवाज नसावा, असं माझं लग्नानंतरचं ठाम मत आहे. कुणी तिकिटं जमवतं, कुणी पत्ते कुटतं, कुणी कुंडलिकेच्या काठी गळ टाकून बसतं. आमच्या ह्यांनी वांग्यांना गाणी ऐकवली. भर दुपारी, कर्णा लावून. आणि ती वांगी माझ्या आईची होती, म्हणून आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी मला राग येतो.

वांगी आईची होती म्हणजे काय, ते आधी सांगते. माझं माहेर वडखळच्या पलीकडे, खाडीकाठी. आमच्याकडे भात निघालं की बांधावर भाजी लावायची पद्धत. आईची वांगी तिथली. पोपटी रंगाची, बुडाशी पांढरे पट्टे, आणि देठाला असे काटे की तोडणारा एकदा तरी शिवी घालणारच. भाजली की साल एका ओढीत सुटायची आणि आत बी नावालासुद्धा दिसायचं नाही. बाजारात तसलं वांगं मी कधी पाहिलं नाही. आईच्या आईनं ते बी तिला दिलेलं, तिनं सांभाळलेलं. सांभाळायची रीत अशी की झाडाला लागलेलं पहिलं चांगलं वांगं तोडायचं नाही. त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची आणि ते झाडावरच पिवळं होऊ द्यायचं. चिंधी बांधलेल्या वांग्याला आमच्या गावात चोरसुद्धा हात लावत नाही, असं आई सांगायची. मी काही चोरांना विचारायला गेले नाही.

मग एका वर्षी उधाणाच्या भरतीला बाहेरचा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. बांध आज बांधतील, उद्या बांधतील म्हणून लोक वाट बघत राहिले. तोवर जमीन खारवली. आई पेणला माझ्या भावाकडे राहायला आली, दुसऱ्या मजल्यावर. येताना तिनं भांडी आणली नाहीत, पाट आणला नाही. झंपरात खोचून बियांची एक पुरचुंडी तेवढी आणली. भावाच्या गॅलरीत कुंड्यांत लावून पाहिलं, रोपं हातभर झाली आणि मेली. उरलेलं बी तिनं माझ्या हातावर ठेवलं. मी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहते, मागं परस आहे, विहीर आहे, गाय विकल्यापासून रिकामा पडलेला गोठा आहे.

"एवढंच हाय गो," आई म्हणाली. "जुनं झालं का उगवायचं नाय. लागलं का मला घेऊन जा. हातात नको आणूस. मला झाडावर बघायचंय."

एवढंच तिचं मागणं होतं. सोन्याच्या बांगड्या मागितल्या नव्हत्या, काशी मागितली नव्हती. अष्टमीला येऊन झाडावरचं वांगं बघायचं होतं.

मी दसऱ्याच्या सुमाराला सगळं बी पेरलं. जुनंच ते, निम्मंही उगवलं नाही. जी रोपं जगली ती परसात दोन ओळींत लावली. गोठ्याला लागून एक ओळ, विहिरीकडं दुसरी. झाडं छान धरली. आणि नेमक्या त्याच वेळी ह्यांनी कंपनीच्या कँटीनमध्ये एक मासिक वाचलं.

हे धाटावला कंपनीत होते, मशिनरीच्या खात्यात. ह्यांचा कान तयार, हे मात्र मी मान्य करते. मशिन चालू असताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावायचं आणि मूठ आपल्या कानाला, की आत कुठलं बेअरिंग गेलंय ते हे बसल्या जागी सांगत. घरातही तेच. मिक्सरला स्क्रू ड्रायव्हर, पंपाला स्क्रू ड्रायव्हर. एकदा माझ्या धाकट्या नणंदेच्या पोटात गुडगुडत होतं तेव्हाही हे उठून हत्यारांच्या खोक्याकडं निघाले होते, मीच बसवलं.

तर त्या मासिकात लिहिलं होतं की झाडांना संगीत ऐकवलं की ती जोमानं वाढतात. कुठल्याशा देशात द्राक्षांच्या मळ्यात म्हणे वाद्यं वाजवतात. ह्यांनी पान फाडून घरी आणलं. पिठाचे हात घेऊन मी उभी, आणि हे मला समजावतायत.

"आवाज म्हणजे काय? थरथर. थरथर पोचली की झाडाच्या अंगात रस चढतो."

"रस चढेल तेव्हा चढेल. माझं डोकं आत्ताच चढलंय," मी म्हटलं.

पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्याच दिवशी हे मंडपवाल्याकडून एक जुना कर्णा घेऊन आले. लग्नात झाडाला टांगतात तसला, तोंड पसरलेला. तो गोठ्याच्या आडव्या वाशाला तारेनं बांधला, खाली टेप ठेवला, आणि गोठ्याकडच्या ओळीला गाणी सुरू झाली. विहिरीकडची ओळ बिनगाण्याची ठेवायची, म्हणजे फरक कळेल, असं ह्यांचं शास्त्र. आता मला सांगा, परस ते केवढं. कर्णा लागला की पुलापलीकडे रोह्यात ऐकू जायचं, आणि विहिरीपाशी लावलेल्या वांग्यांनी काय कानात बोळे घालायचे? हे मी विचारलं. ह्यांनी उत्तर म्हणून विहिरीकडच्या ओळीपुढं एक पोतं आडवं टांगलं.

सकाळी भजनं. दुपारी सनई. संध्याकाळी बासरी. ह्यांची दुसरी शिफ्ट असली की दुपारी निघताना मला बजावून जायचे, "कॅसेटची बाजू बदल." मी बदलत नसे. मग हे रात्री आल्यावर कॅसेट तपासायचे, गुन्ह्याचा तपास करावा तसे. शेजारच्या वहिनी सुरुवातीला चिडल्या, कोंबड्या अंडी देईनात म्हणाल्या. नंतर त्यांनीच आपल्या आवडीच्या गाण्यांची कॅसेट आणून दिली. तेव्हापासून मी एकटीच वेडी ठरले.

ज्या वाशाला कर्णा बांधला, त्या वाशात भुंगे होते. गोठा जुना, लाकूड सुकलेलं. काळे, निळसर चमकणारे, अंगठ्याएवढे भुंगे त्याला गोल भोकं पाडून राहत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते तिथं होते, गाईच्या अंगावरून ये-जा करत, कुणाच्या वाटेला जात नसत. खाली लाकडाचा पिवळा भुसा पडायचा, तो मी झाडताना भरून टाकायची. पण आता तो भुसा टेपमध्ये पडायला लागला आणि कॅसेट गुंतायला लागल्या. शिवाय दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत भुंग्यांची घूं घूं ऐकू यायची, आणि त्यानं म्हणे बासरी बिघडायची. मी दोन दिवस आईकडे पेणला गेले होते. परत आले तर वाशावर ठिकठिकाणी सिमेंटचे टिकले. 

"हे काय?"

"भुंग्यांचा बंदोबस्त केला," हे म्हणाले. "आता आवाज स्वच्छ येतो. ऐक."

काय ऐकायचं ते. मी पिशवी ठेवली आणि चहाचं आधण टाकलं.

मार्गशीर्षात झाडांना फुलं आली. जांभळी, मधे पिवळा दांडा, भरपूर. मी पेणला निरोप धाडला. आई खूश झाली. आणि आठवड्याभरात फुलं गळायला लागली. सकाळी परसात जावं तर मातीवर फुलांचा सडा. देठासकट गळायची. नवी यायची, तीही गळायची. एखादं चुकून धरलं तर सुपारीएवढं व्हायचं, वाकडं, आणि पिवळं पडून खाली. दोन्ही ओळींची तीच गत. बिनगाण्याची आणि गाण्याची, दोघींत काडीचा फरक नाही. ह्यांच्या शास्त्राचा निकाल तिथंच लागला होता, पण ऐकतो कोण. हे म्हणाले, "राग चुकत असेल." भजनं बंद झाली, सतार आली. सतारीनं भागेना तेव्हा बँड आला. एक दिवस ह्यांनी कर्णा काढून त्याचं तोंड सरळ जमिनीवर पालथं ठेवलं, मुळांना थेट पोचावं म्हणून. परसातली गांडुळं वर आली तेवढी.

रोह्याच्या बाजारातल्या औषधवाल्यानं फवारणीची बाटली दिली. ती मारली. शेणखत घातलं, राख घातली, पाणी कमी केलं, पाणी जास्त केलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं, हे तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक.

आणि पेणला गेलं की आई दारातच विचारायची, "लागलं का गो?"

"लागेल, आई. फुलं खूप आहेत."

"फुलं काय चाटायची? चिंधी बांधलीस का ते सांग." तिनं चिंधी आधीच फाडून ठेवली होती. आपल्या जुन्या लाल लुगड्याची, उशाखाली. 

पौषात आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर भावाला म्हणाले, या वयात आता खाटेवरच सांभाळा, जिने उतरायचं नाव काढू नका. मी तिच्या उशाशी बसले होते. तिनं डॉक्टरांचं सगळं नीट ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हंजे अष्टमीला नाय यायचं आता." डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. भाव विचारावा तसं म्हणाली. मी त्या दिवशी जिन्यात उभी राहून रडले, आणि रडता रडता मला त्या कर्ण्याची आठवण होऊन संताप आला. फुलं का गळतात ते मला माहीत नव्हतं, पण त्या माणसानं शांत डोक्यानं झाडांकडे एकदा नुसतं बघितलं असतं, असं सारखं वाटत होतं.

त्याच खेपेला परत येताना पॅसेंजर निडीला थांबली. निडीला आमची गाडी थांबतेच, पुढून मागून कुणाला तरी वाट द्यायची असते, आणि आम्ही बसायचं माश्या मारत. मी खाली उतरले. स्टेशनच्या कडेला कुणीतरी वाडीसारखं केलं होतं, जुन्या फळकुटांचं कुंपण, आत मिरच्या आणि वांगी. साधीच जांभळी वांगी, पण लगडलेली. मला त्या झाडांचा मत्सर वाटला. मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले.

एक काळा भुंगा आला. उडत होता तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा, जाड. मग तो वांग्याच्या फुलाला खालून मिठी मारून लटकला, पंख मिटले, आणि आवाज एकदम चढला. बारीक, टोकदार, दातांत कळ जावी तसा. फूल थरथरलं. त्याच्या पोटावर परागांची पिवळी धूळ झडली. मग तो सुटला, पुन्हा जाड आवाज, पुढच्या फुलावर पुन्हा बारीक. फळकुटांच्या कुंपणाला गोल भोकं होती आणि खाली पिवळा भुसा.

मी तो आवाज ओळखत होते. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात तो मी परसात ऐकत आले होते. भांडी घासताना, धुणं वाळत घालताना. आणि त्या वर्षी एकदाही ऐकला नव्हता. थरथर, थरथर म्हणून ज्या माणसानं माझं डोकं खाल्लं होतं, त्यानं नेमकी झाडाला हवी होती ती थरथर सिमेंटनं बुजवली होती, का, तर बासरी स्वच्छ ऐकू यावी म्हणून. शिट्टी झाली तरी मी तिथंच उभी. गाडी चुकायचीच बाकी होती.

घरी गेले तेव्हा हे गोठ्यात टेपपाशी बसले होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. टेपची वायर उपटली आणि सगळं सांगितलं. काय काय बोलले ते लिहीत नाही, आमच्या मुली वाचतील. हे ऐकत राहिले. मधे एकदाच म्हणाले, "खालून लटकला होता का? पंख मिटून?"

"व्हय. मिटून."

"म्हणजे थरथर अंगाची. पंखांची नाही," हे म्हणाले, आणि ह्यांचे डोळे चमकले. मला वाटलं आता हातातली पिशवी डोक्यात घालावी. पण मग ह्यांनी वर वाशाकडे पाहिलं, आणि चेहरा उतरला.

छिन्नी घेऊन हे शिडीवर चढले. एकेक टिकला फोडला. आतून सुकलेले भुंगे पडले. हे ते तळहातावर घेऊन बघत बसले. मग खाली उतरून त्यांनी ते वांग्याच्या बुडाशी मातीत ठेवले. मला तेव्हा दया आली असं म्हणणार नाही. मी म्हटलं, "आता ह्या भुंग्यांना ऐकवा सनई."

एवढ्यावर गप्प बसतील तर ते हे कसले. "भुंगे येतील तेव्हा येतील," असं म्हणून ह्यांनी पुढच्या दाराची बेल काढली. बटण दाबलं की टर्रर वाजणारी, जुनी. ती लांब वायर लावून परसात नेली आणि फुलाच्या देठाला टेकवून वाजवली. पिवळी धूळ पडली. मग काय विचारता. सकाळी दाढी करायच्या आधी हे परसात, टर्र, टर्र, टर्र, एकेका फुलाला. दारात आलेला माणूस बटण दाबून दाबून कंटाळून परत जायचा. दूधवाला तर म्हणाला, वहिनी, तुमची बेल मागच्या बाजूनं वाजते.

आणि त्याच दिवसांत कुठूनसा एक भुंगा आला. वाशाभोवती घिरट्या घातल्या, जुन्या भोकात डोकं घालून पाहिलं आणि आत गेला. हे मला स्वयंपाकघरातून हाताला धरून बाहेर घेऊन आले आणि बोट दाखवलं. कर्णा त्याआधीच मंडपवाल्याकडे परत गेला होता. परसात किती शांत असतं हे मी विसरूनच गेले होते.

माघ सरता सरता विहिरीकडच्या एका झाडाला वांगं धरलं. खरं वांगं, पोपटी, पट्ट्यांचं. ते भुंग्यानं धरवलं की बेलनं, यावर आमच्यात आजतागायत एकमत नाही. हे म्हणतात बेल. मी म्हणते भुंगा. ते मुठीएवढं झालं तेव्हा मी ठरवलं की चांगलं पिवळं होऊ द्यायचं, मग आईला नेऊन दाखवायचं. हातात का होईना. एवढ्या एका फळात सगळं होतं, बाकीच्या झाडांवर अजून काही धरलं नव्हतं, आणि उन्हाळा तोंडावर होता.

एका सकाळी मी रोह्याला बाजारात गेले. परत येऊन परसात पाहते तर विहिरीपाशी खड्डा. झाड नाही. वांगं नाही. हे नाहीत. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "अगो, ते झाड डब्यात घालून स्टेशनाकडं गेले. तेलाचा मोठा डबा. खांद्यावर होता."

फळ धरलेलं वांग्याचं झाड उपटून कुणी गावाला नेतं का? मूळ दुखावलं की झाड मान टाकतं, आणि झाडानं मान टाकली की कच्चं फळ गेलंच. कच्च्यात बी धरत नाही. हे शेंबड्या पोराला कळतं. मी नेसत्या लुगड्यानिशी पेणची एसटी धरली. वडखळला नेहमीसारखा ट्रकांचा चक्काजाम, आणि मी खिडकीत बसून ह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय. शेजारची बाई विचारते, "माहेरी चाललात?" मी म्हटलं, "कायमची."

भावाकडे पोचले तर जिन्यात माती सांडलेली. आत आईच्या खाटेला लागून स्टुलावर तो डबा. झाड मलूल, खालची पानं लोंबलेली, पण वांगं जाग्यावर. आई कुशीवर वळून त्याला हात लावत होती. काटा टोचला तशी हसली. हे खाली जमिनीवर बसलेले, शर्ट मातीनं माखलेला, गुन्हेगारासारखे.

"बघ गो," आई मला म्हणाली. "झाडावर हाय."

तिनं उशाखालून चिंधी काढली. गाठ मारता येईना. ह्यांनी देठ धरून ठेवला आणि तिनं गाठ मारली.

मग हे म्हणाले, "आई, उशीर माझ्यामुळं झाला. भुंग्यांची भोकं मी बुजवली होती. नाहीतर तुमचे पाय चालत होते तेव्हाच लागलं असतं. तुम्हाला परसात उभं राहून बघता आलं असतं." गाण्यांचंही सांगितलं, काही लपवलं नाही.

मी वाट बघत होते. एवढे महिने मी ओरडून थकले होते, आता निदान एक शब्द तरी ह्यांना ऐकावा लागेल. आईनं मान फिरवली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुला कळलं नाय व्हय गो? भुंगे गेले आणि बघत बसलीस? जावईबापू कारखान्यातले, त्यांना काय ठावं. तू खाडीची ना?"

घ्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. जावयाला बोलायचं नाही ही आमच्या माहेरची रीत, त्यानं घर जाळलं तरी आधी त्याला पाणी विचारतील. मी स्वयंपाकघरात जाऊन भावाच्या भिंतीला सगळं ऐकवलं.

झाड परत न्यायचं नाही असं आईनं ठरवलं. डबा गॅलरीच्या दारात ठेवला, तिला खाटेवरून दिसेल असा. पानं गळत गेली. शेवटी काड्या उरल्या, आणि एका काडीला चिंधी बांधलेलं वांगं. ते पिवळं होत गेलं. आम्ही दर रविवारी जायचो. हे जमिनीवर बसून आईचे पाय चेपायचे आणि कंपनीतल्या मशिनच्या आवाजांच्या गोष्टी सांगायचे. आई त्या आवडीनं ऐकायची, हे मला अजून कोडं आहे.

वांगं पुरतं पिकलं तेव्हा तिनं ते आपल्या हातानं फोडलं. मी पाण्यात बी चोळून धुतलं, राखेत घोळवलं, गॅलरीत सुकवलं. बुडलेलं सगळं भरीव बी होतं, वर तरंगलेलं थोडं. झाडानं स्वतःचं सगळं त्या एका फळात घातलं होतं. आईनं पुरचुंडी बांधली. मी हात पुढं केला. तिनं ती ह्यांच्या हातात दिली.

"आई, ते माझ्याकडे दे," मी म्हटलं.

"नको. तुला राग लवकर येतो. रागात कुठं ठेवशील ते तुझं तुलाच आठवायचं नाय." मग ह्यांना म्हणाली, "जावईबापू, आता ह्याला जपा."

पावसाच्या आधी आई गेली.

तेव्हापासून माझ्या आईचं बी मला नवऱ्याकडे मागावं लागतं. दरवर्षी. आणि मागितलं की ते लगेच मिळत नाही. ह्यांचा नियम आहे. आधी गोठ्यात जायचं, वाशाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि आत भुंगे आहेत की नाहीत ते ऐकायचं. असतील तर बी बाहेर येणार. गोठा कधीच पडायला आला होता, मी पाडून मोरी बांधू म्हणत होते, पण वाशासाठी तो उभा ठेवलाय. छपराला नवे पत्रे, भिंतीला टेकू, आणि मधे तो भोकाभोकांचा वासा. येणारे-जाणारे हसतात. मी दर वर्षी त्या स्क्रू ड्रायव्हरवरून भांडते. वाकून बघा की, भुसा पडलेला दिसतो खाली, त्याला कानानं काय ऐकायचं? हे ऐकत नाहीत. 

यंदाही मी बी मागितलं. हे शिडीवर चढले. आता गुडघे नीट चालत नाहीत, शिडी मीच धरते. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली. बराच वेळ झाला. मग दुसरा कान लावला. कंपनीतली इतकी वर्षं आणि तो कर्णा, ह्यांचे कान काही वर्षांपासून उतरत चाललेत. दूरदर्शन मोठ्यानं लावतात, मी ओरडते. पण इथंही ऐकू येईनासं झालं असेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हे खाली उतरले. पुरचुंडी खिशातच होती, तिच्यावर हात ठेवून उभे राहिले.

"गेले वाटतं," म्हणाले. "काही ऐकू येत नाही."

खाली पिवळा भुसा पडला होता, ताजा. मला दिसत होता. मी बोलणार होते. पण ह्यांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि लुगडं खोचून शिडीवर चढले. टोक वाशाला टेकवलं, मूठ कानाला. आयुष्यात पहिल्यांदाच. आतून लाकूड कुरतडल्याचा आवाज आला, आणि मग घूं, खोल, हाडातून यावी तशी.

"आहेत?" हे खालून विचारत होते. "अगं, आहेत का?"

"आहेत," मी म्हटलं. ह्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

ह्यांनी खिशातून पुरचुंडी काढली आणि वर माझ्या हातात दिली.